सेनापतीच्या चेहऱ्यावरची सावली

पुण्यात शिकलेल्या इटालियनच्या जोरावर मी शारजात, अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये बसून जुन्या सिनेमांची हिंदी सबटायटल्स लिहिते. गेल्या हिवाळ्यात हाती आलेले तिन्ही इटालियन सिनेमे कार्थेज या शत्रूनगरीला हरवणाऱ्या एकाच रोमन सेनापतीवरचे होते. सगळ्यात जुन्यात तो पुतळ्यासारखा हात उंचावून उभा राहायचा, घाम म्हणून यायचा नाही. नंतरच्या रंगीत सिनेमात नुसते दंड आणि मांड्या. तिसऱ्यात मात्र तो म्हातारा, रोममध्ये नकोसा झालेला. मला हाच आवडला. त्याचा चेहरा मी थांबवून थांबवून बघायचे.

एका दुपारी उजवा डोळा चोळत असाच चेहरा थांबवला, तर हनुवटी दिसेना. वाटलं, प्रिंट खराब असेल. मग तसंच खिडकीबाहेर पाहिलं, तर समोरच्या टॉवरचे खालचे मजलेही नाहीत. डावा डोळा झाकला, सगळं लख्ख. उजवा झाकला, पुन्हा काळं.

नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

"ड्राय आय असेल गं. एसीमुळे होतं."

"अरे, सावली वर चढतेय!"

"टॅक्सी पकड. मी थेट दुबईच्या हॉस्पिटलला येतो."

दुबईच्या हद्दीवर ट्रॅफिक ठप्प. मी सारखा उजवा डोळा झाकून सावली कुठवर आली ते बघत होते.

"सिस्टर, रो रही हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"नहीं भाई, आँख देख रही हूँ."

"इन्शाल्ला, पहुँच जाएँगे," म्हणत त्याने रेडिओ बंद केला. त्या शांततेत भीती आणखीच वाढली.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटलाय, मधला भाग तेवढा चिकटून आहे.

"तोही सुटला तर?"

"म्हणूनच ऑपरेशन आजच करायचं," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला होता, म्हणून पालथं पडून राहायचं आणि उंचावर तो फुगतो म्हणून विमानात बसायचं नाही. आई भारतातून फोनवर रडत होती, "इकडे ये गं." जाता येत नव्हतं. पट्टीखाली काय उरलंय, कुणीच सांगत नव्हतं.

काम अर्धवट होतं. नवरा जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसला. तो सिनेमा लावायचा, मी उशीत तोंड खुपसून ऐकायचे आणि हिंदी सांगायचे. चेहरा नव्हता, नुसता आवाज. सिनेटसमोर उत्तर देताना सेनापती वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायचा, शब्द जरासा फाटायचा. बघताना मला तो थकलेला वाटला होता.

"घाबरलाय हा," मी म्हणाले.

"कोण?" नवऱ्याने विचारलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तसाच बसला.

नजर वाचली. गॅसचा बुडबुडा लहान होत होत एके सकाळी नाहीसा झाला. पण दुसऱ्या डोळ्याचा पडदाही पातळ आहे, आणि सुटायच्या आधी डोळ्यात उजेड चमकतो म्हणतात. अजून गाडीच्या दिव्याची तिरीप आली तरी मी जागच्या जागी थांबते आणि एकेक डोळा झाकून बघते.