कानाने ओळखायचे चिकू

चहा जरा बाजूला ठेवा, कारण घोट तोंडात असताना हे ऐकलंत तर ठसका लागेल. माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात मी जे काही करून ठेवलं, ते तिच्या सासरी, तलासरीत, अजून सांगतात म्हणे. दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. तिखटमीठ काय, मीपण घालू शकते!

आम्ही डहाणूला राहतो. बैठं घर, पुढे छोटं अंगण आणि भोवती थोडी चिकूची झाडं. चिकू आले की खारी आल्याच. त्यांनी खावं, आम्ही खावं, माझी कधी तक्रार नव्हती. पण एक खार होती, शेपटीचं टोक तुटलेली. माझी पल्लवी लग्नाआधी तिला भुंडी म्हणायची आणि खिडकीत शेंगदाणे ठेवायची. ही भुंडी घराला आपलं घर समजत होती. डब्यांची झाकणं कुरतड, कपडे वाळत घालायची दोरी तोड, एकदा तर टीव्हीची वायर!

तेही सोडलं असतं हो. पण पल्लवीला दिवस गेले, आणि मी येणाऱ्या बाळासाठी सावरीच्या कापसाची गादी शिवली. चिमुकली, पिवळी, कडेने टीप घातलेली. उन्हात ठेवली आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर गादीचं पोट फाडलेलं, आणि भुंडी तोंडात कापसाचा बोळा धरून भिंतीवरून माझ्याकडे बघतेय. बोळ्यामुळे तिला पांढऱ्या मिशा आल्यासारख्या दिसत होत्या.

सांगा, एका आजीने काय करावं?

मी पुन्हा शिवली, तिने पुन्हा फाडली. मी खिडकीला जाळी लावली, ती कौलातून आली. मी मिरचीची पूड टाकली, दिवसभर मीच शिंकले. शेवटी शेजारच्या हंसाबेनने उंदराचा पिंजरा दिला. देताना मला दम भरला, "भाभी, मारायची नाय हां! रामजीने हात फिरवलाय तिच्या पाठीवर. लांब नेऊन सोडायची."

"अहो, मारते कशाला? लांबच सोडणार!"

पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवले. भुंडी रोज येऊन पिंजऱ्यावर बसायची, आत जायची नाही. आणि शेवटी आत गेली कधी? नेमकी डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी! आम्ही तलासरीला निघायच्या तयारीत, आणि मागच्या दारी खटकन आवाज.

आता तिला सोडून दिलं तर पुन्हा सापडायची नाही. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात ठेवली तर उन्हाने मरायची. मी ह्यांना म्हटलं, "गाडीत घेऊ या. वाटेत कैनाडला झाडी आहे, तिथे सोडू."

"शुभकार्याला उंदराचा पिंजरा घेऊन जायचा?" ह्यांनी डोळे वटारले. "विहीणबाईंनी बघितलं तर?"

हे बाकी खरं होतं. आमच्या विहीणबाई म्हणजे उंच, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी नुसतं "असं का?" विचारलं तरी माझ्या हातातली कपबशी वाजते. त्यातून पल्लवीचं ब्लडप्रेशर वाढलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला दचकू द्यायचं नाही. विहीणबाईंनी तर घरात कुकरची शिट्टीसुद्धा बंद केली होती. वरण पातेल्यात शिजायचं!

मग मला युक्ती सुचली. विहीणबाईंसाठी आम्ही चिकूची करंडी नेत होतो. खाली पेंढा, वर चिकू, त्यावर जुन्या साडीचं फडकं आणि कडेने सुतळी. मी तश्शीच दुसरी करंडी घेतली, पेंढा घातला, भुंडीला पिंजऱ्यातून आत सोडलं, सोबत शिदोरीला एक चिकू दिला आणि वरून फडकं शिवून टाकलं. त्याच साडीचं फडकं. कळतंय ना मी काय केलं ते? त्याच साडीचं!

"ओळखणार कशी?" ह्यांनी विचारलं.

"डावीकडची भुंडीची."

कैनाडला गाडी थांबवली. मी करंडी घेऊन उतरणार तेवढ्यात बांधावर एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचीच वाडी. दुसऱ्याच्या वाडीत आपली खार सोडायची म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्यातलाच प्रकार! मी आपली हसले, रस्ता विचारला आणि पुन्हा गाडीत बसले.

"पुढे सोडू," हे म्हणाले.

पुढे वस्ती. त्याच्या पुढे हायवे, ट्रकमागून ट्रक. त्यात विहीणबाईंचा फोन, "कुठपर्यंत आलात? बायका जमल्यात." हे गाडी पळवत राहिले, मी "थांबवा ना, थांबवा ना" करत राहिले, आणि तलासरी आली.

दारात जावईबापू उभेच! मी गाडीतून पाय खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी डिकी उघडली, दोन्ही हातांत दोन करंड्या घेतल्या आणि घरात नेल्या. आता कुठली डावी आणि कुठली उजवी?

ओसरीवर बायकाच बायका. मधे झोपाळा, फुलांनी सजवलेला. त्यावर माझी पल्लवी, हिरवी साडी, फुलांचे दागिने, तोंडावर जरा सूज. मला बघून हसली. ही पोर पालीला घाबरून शेजाऱ्यांकडे झोपायला जाते! खार अंगावर आली तर?

पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेले. माजघरात कोपऱ्यात दोन्ही करंड्या शेजारी शेजारी. हलवून बघावं तर ती उसळायची भीती. मी गुडघ्यावर बसले आणि एका करंडीला कान लावला. काही नाही. दुसरीला लावला. तिथे बारीक कुरकुर, कुरकुर…

"विहीणबाई, काय ऐकताय?"

मागे विहीणबाई! हातात ओटीचं ताट.

"मी? काही नाही. चिकू… चिकू पिकलेत का बघतेय."

"कानाने?"

"हो! आमच्याकडे डहाणूला कानानेच ओळखतात."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, देवालाच ठाऊक. विहीणबाईंनी ताट खाली ठेवलं, शांतपणे वाकल्या आणि त्याच करंडीला कान लावला.

"आतून आवाज येतोय हो."

"येणारच. पिकतोय ना."

"चिकू पिकताना आवाज करतो?"

"गोड असला की करतो."

त्या पुन्हा ताठ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "असं का?"

माझ्या हातात कपबशी नव्हती, म्हणून नुसत्या बांगड्या वाजल्या.

तेवढ्यात बाहेरून मला कुंकू लावायला हाक आली. मी गेले, पण लक्ष सगळं आत. कोपऱ्याच्या बाजूची करंडी, भिंतीला टेकलेली, तीच भुंडीची. मनात घोकत होते, भिंतीची, भिंतीची. कुंकू लावून घेतलं, दोघी-तिघींची चौकशी केली आणि पुन्हा आत सटकले. भिंतीला टेकून करंडी होती. मी ती उचलली.

बाई गं, काय जड! मनात म्हटलं, बरोबर आहे, आमचेच चिकू खाऊन माजलीय.

मागच्या दाराने गोठ्यामागे गेले. फडक्याची सुतळी दातांनी तोडली. खार चावेल म्हणून डोळे गच्च मिटले, तोंड फिरवलं आणि करंडी उलटी केली. गडगड गडगड आवाज झाला. मला वाटलं, केवढी पळाली! मी डोळे न उघडताच हात जोडले. "जा बाई. राग मानू नकोस. इथे आंब्याची झाडं आहेत, सुखाने राहा." आणि मागे न बघता घरात आले.

काय सांगू, अंगावरचं ओझं उतरलं! मी मोकळेपणी हसायला लागले. गाणं म्हणा म्हणाल्या, गाणं म्हटलं. हे लांबून खुणेने विचारत होते, "काय झालं?" मी खुणेनेच सांगितलं, "गेली!"

ओटी भरायची वेळ झाली. विहीणबाईंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग म्हणाल्या, "पहिलं फळ माहेरचं. आमच्या विहीणबाईंनी खास चिकू आणलेत. मघाशी मी मुद्दाम गोड बघून एक करंडी देवापाशी नेली आणि दुसरी भिंतीला सरकवून ठेवली."

आणि त्यांनी करंडी आणून झोपाळ्यावर पल्लवीच्या शेजारी ठेवली.

माझ्या मनात शंका यायला हवी होती ना? आली नाही! उलट मीच मोठ्याने म्हणाले, "उघड, उघड! खुशाल हात घाल, पल्लवी. एकदम ताजे आहेत!"

पल्लवीने फडकं बाजूला केलं.

पुढचं सगळं डोळ्यासमोर अजून तसंच आहे. पेंढा उसळला, एक करडी रेघ वर आली, नारळावरून गेली आणि थेट पल्लवीच्या ओटीत! तांदळांत! बायका किंचाळल्या. डॉक्टर, ब्लडप्रेशर, बाळ… सगळं एकदम डोक्यात घोंघावलं. माझ्या हातांनी मी माझ्या लेकीला काय केलं हे?

"कोणी हलायचं नाही." विहीणबाईंचा आवाज. हळू, पण असा की गोठ्यातली गायसुद्धा गप्प झाली असेल.

सगळे थिजले. भुंडी ओटीत बसून धापा टाकत होती. पल्लवी पांढरीफटक. छाती वरखाली होत होती. तिची की खारीची, कळत नव्हतं. मग हळूच तिचे ओठ हलले.

"आई…"

"हलू नकोस, बाळा."

"आई, ही आपली भुंडी आहे ना?"

झालं! डहाणूची पद्धत म्हणून काही तरी ठोकून द्यायचं मी मनात जुळवत होते, तेही गेलं. बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. पल्लवीचा चेहरा मात्र निवळला होता. तिने एक बोट पुढे केलं. भुंडीने ते हुंगलं.

विहीणबाई वाकून बघत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली. "विहीणबाई, ही तर ओली आहे."

"म्हणजे?"

"पोट बघा तिचं. दूध पाजतेय ही. पिल्लं कुठे आहेत हिची?"

मला त्या पांढऱ्या मिशा आठवल्या. कापसाचे बोळे, रोज नवे बोळे. माझ्या बाळाची गादी कशासाठी फाडत होती ती? आणि मी तिला करंडीत शिवून दुसऱ्या तालुक्यात आणलं होतं. कुठे? तर डोहाळजेवणाला!

"घरीच असणार," मी कसंबसं म्हटलं. "कुठे ते मला माहीत नाही."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तू आधी हिला घरी ने. आत्ता. भुकेली असतील गं ती."

विहीणबाईंनी करंडी आडवी करून पल्लवीच्या मांडीला टेकवली. भुंडी क्षणभर थांबली आणि पेंढ्यात शिरली. घाबरल्या जिवाला तीच जागा ओळखीची. विहीणबाईंनी वरून फडकं धरलं, सुतळी आवळली आणि करंडी माझ्या हातात दिली. "असं का?" तेसुद्धा विचारलं नाही. ते फार वाईट होतं.

माझ्या एकुलत्या एक लेकीच्या डोहाळजेवणाचा घासही न घेता आम्ही निघालो. पंगत मांडली होती, पुरणाचा वास दारापर्यंत आला होता.

येताना मी सगळी वाट करंडीला कान लावून बसले. जाताना आवाज आला की धडकी भरत होती, आता आवाज आला नाही की भरत होती. "आहे ना?" हे विचारायचे. "आहे," मी म्हणायची. मग ती गप्प झाली. मी फडक्यावरून बोट फिरवलं. काही नाही. "अहो, जरा जोरात चालवा!" कैनाडला तेच गृहस्थ बांधावर होते. ह्या वेळी मी रस्ता विचारला नाही.

अंगणात करंडी उघडली. भुंडी बाहेर आली, क्षणभर बसली आणि सुसाट भिंतीवरून कौलांत. आम्ही दोघं आत धावलो. ह्यांनी पोटमाळ्याला शिडी लावली, मी चढले.

पोटमाळ्यावर आमचा लाकडी पाळणा होता. पल्लवीचा. बाळासाठी खाली काढून रंगवायचा होता, रोज उद्यावर ढकलत होते. त्या पाळण्यात माझ्या पिवळ्या गादीचा सगळा कापूस नीट पसरलेला, आणि कापसात बोटाएवढे गुलाबी जीव वळवळत होते. भुंडी त्यांच्यावर आडवी झाली होती. माझ्याकडे बघितलं तिने. मी शिडीवरूनच कान पकडले आणि खाली उतरले.

लगेच तलासरीला फोन लावला. पल्लवीने उचलला. "आई, मी ठीक आहे. आत्ताच ब्लडप्रेशर बघितलं, बरं आहे. पिल्लं?"

"सगळी आहेत. तुझ्या पाळण्यात."

ती रडली आणि हसली. मीही. मग म्हणाली, "थांब, आईंना तुझ्याशी बोलायचंय."

विहीणबाई फोनवर आल्या. मी घाईघाईने म्हणाले, "माझं चुकलं हो. तुमच्या घरी शुभकार्यात मी…"

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "गोठ्यामागे तुम्ही हात जोडून सोडलेत, ते चिकू मी गोळा करून आणलेत."

"अहो, म्हणजे तुम्ही बघत होतात?"

"खिडकीतून. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल." पलीकडे बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या, मला स्पष्ट ऐकू येत होतं. "आता पंगतीत वाढायचेत ना, म्हणून आम्ही सगळ्याजणी एकेकाला कान लावून बघतोय. पण विहीणबाई, एकही काही बोलत नाही हो!"