मामाजींचं दुलईशी वैर

मामाजी कोणाच्याही घरी बाळ बघायला गेले, की आधी बाळाचा चेहरा बघत नसत. पाळण्यात हात घालून ते पहिल्यांदा उशी काढत. मग दुलई, मग दोन्ही कडांना लावलेले लोड, मग कुणा मावशीने हौसेने आणून ठेवलेलं केसाळ अस्वल. सगळं सामान खाली सतरंजीवर आलं, की रिकाम्या गादीवर उताण्या पडलेल्या त्या जीवाकडे बघून म्हणत, "आता झोप लेका मोकया, हातपाय पसरून." घरातल्या बाया एकमेकींकडे बघत, बाळाच्या आजीचं तोंड वाकडं होई, आणि मामाजी चहा पिऊन निघाले रे निघाले की सगळं सामान पुन्हा पाळण्यात जाई. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पुढच्या घरी पुन्हा तेच.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी एसटीत ड्रायव्हर होते. मूळ गाव समुद्रपूरकडे. शेती धाकट्या भावाच्या हवाली करून निवृत्तीनंतर ते वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आमच्याकडे राहायला आले. उंच, रुंद माणूस, आवाज असा की अंगणातून बोलले तर गल्लीच्या टोकाला उत्तर यावं. पण बाळाच्या अंगावरून पांघरूण काढताना त्यांचा हात इतका हळू चालायचा, की झोपलेलं बाळ हलतही नसे.

असं का करता, असं विचारलं की त्यांचं कारण दरवेळी निराळं. एका घरी सांगत, "ढेकनं होतात." दुसऱ्या घरी, "घामोया येतात." माझ्या आईला तर त्यांनी सांगितलं होतं, की उशीवर झोपणाऱ्या पोराची मान मोठेपणी आखडते. आई घरी येऊन म्हणाली, "तुझे सासरे भले आहेत, पण जरासे हे आहेत."

यातली खरी गंमत अशी, की नात्यातल्या सगळ्या बाळांच्या दुलया आत्याबाई शिवायच्या. घरच्या शेतातला कापूस पिंजून आणायचा, वर स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचं कापड, आणि काठाला लाल पट्टी. कोणाला दिवस गेल्याचं कळलं, की त्यांची सुई सुरू. "थंडीचा भरोसा नाई, लेकराले जपा लागते," असं म्हणत त्या दुलईत आणखी एक थर कापूस भरायच्या. म्हणजे आत्याबाई दुलई घेऊन जात आणि मामाजी ती काढून ठेवत. नातेवाईक हसत. मीही लग्नानंतर बरीच वर्षं हसले.

मला सातवा लागला तेव्हा मामाजी मला वर्ध्याच्या बाजारात घेऊन गेले. प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुट्टी नव्हती आणि बाळाचे कपडे आपणच घेणार असा मामाजींचा हट्ट होता. दुकानदाराने आधी सॅटिनचा गुलाबी संच काढला: छोटी गादी, उशी, दोन लोड, वर जाळीची छत्री. मामाजींनी गादीवर मूठ दाबली. मूठ आत गेली.

"हे तं चिखलावानी धसते. लेकरू पालथं झालं तं नाक कुठं जाईन?"

"काका, सगळेच घेतात. खूप चालते ही," दुकानदार म्हणाला.

"चालू द्या. आमाले कडक गादी दाखवा."

मग कपड्यांची पाळी. नाडीवाली टोपडी बाजूला. टोपीवाले स्वेटर बाजूला. छातीवर मोती लावलेला एक फ्रॉक मला फार आवडला होता; मामाजींनी मोती चिमटीत धरून ओढला आणि तो निघून त्यांच्या तळहातावर आला. तो त्यांनी मला दाखवला. शेवटी आम्ही मलमलची, बाजूने बंद बांधायची साधी झबली घेतली, सुती लंगोट, दोन पातळ लोकरी जाकिटं आणि एकपदरी चादरी. दुकानदार म्हणाला, "पहिलं नातवंड ना काका? इतकं साधं?" मामाजी म्हणाले, "हो, पयलंच हाये," आणि पिशवी उचलून बाहेर पडले. रस्त्यात ते माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

मला मात्र बरं वाटत होतं. मी मोबाईलवर आणि दवाखान्याच्या पत्रकात हेच सगळं वाचलं होतं: बाळाला पाठीवर झोपवावं, गादी घट्ट असावी, उशी नको, जाड पांघरूण नको, सैल काहीही नको. घरात वयस्कर माणसांशी यावरून किती वाद होतात ते मैत्रिणींकडून ऐकलं होतं. माझे सासरेच माझ्या बाजूचे निघाले, असं मला वाटलं.

रेवा झाली ती ऐन थंडीत. आत्याबाईंची दुलई तयार होती, नेहमीपेक्षा जाड, कारण ही त्यांची स्वतःची नात. सोबत मोहरीची उशीही. मी उशी ठेवून घेतली आणि वापरली नाही. त्यावर त्या फारशा रागावल्या नाहीत. दुलईचं तसं नव्हतं. मी न्हाऊन येईपर्यंत रेवा नाकापर्यंत दुलईत असायची. मी काढायच्या आत मामाजी काढून टाकायचे. मग ते दोन बोटं रेवाच्या मानेला लावून बघत आणि म्हणत, "घाम नाई, गार नाई. बरोबर हाये." आत्याबाई स्वयंपाकघरातून येऊन पुन्हा घालायच्या. एकदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमाले लेकराची माया कशी नाई हो?" त्या म्हणाल्या. मामाजी मान खाली घालून बसले.

त्या दिवशी मला राहवलं नाही. मी मोबाईल घेऊन आत्याबाईंजवळ बसले. म्हटलं, "आत्याबाई, मामाजींचं खरं आहे. हे बघा काय लिहिलंय, जाड पांघरूण तोंडावर आलं तर लहान बाळाचा—"

"बंद कर तो मोबाईल!" मामाजी असे ओरडले की रेवा दचकून रडायला लागली. माझ्यावर ते आवाज चढवून कधीच बोलले नव्हते. मी उठून गच्चीवर गेले.

थोड्या वेळाने तेही वर आले. दोरीवर लंगोट वाळत होते. ते एकेक काढून घडी घालू लागले. माझ्याकडे बघितलं नाही.

"सूनबाई, तुले एक सांगतो. तुह्यापाशीच राहू दे. प्रशांतले बी नोको सांगू."

प्रशांतच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती तान्हेपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. तिचा फोटो नव्हता, नावही कोणी घेत नसे. थंडी लागून गेली, असं सगळे म्हणत.

"थंडीचेच दिवस होते," मामाजी म्हणाले. "हिनं पयली दुलई शिवली ते तिच्यासाठी. सकायी दूध पाजलं, लेकराले झोपोलं, नाकापोतर दुलई ओढली अन् कपडे धुवाले गेली. मी ड्यूटीवर निघून राह्यलो होतो. जाता जाता पाह्यलं. मले वाटलं, वा, मायनं कसं जपून गुंडायलं! अन् गेलतो निघून. स्टँडवर निरोप आला."

घडी घातलेला लंगोट त्यांनी उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"मंग प्रशांत झाला. तवा एका डॉक्टरनं मले सांगतलं, एवढं जाड टाकू नोका, तोंडावर गेलं तं जीव गुदमरते. तवापासून जाईन तिथं दुलई काढतो. हिले वाटते, आपुन पांघरलं ते कमी पडलं म्हणून पोरगी गेली. म्हणून शिवत राह्यते. आता तिले काय सांगू, का कमी नाई, जास्त झालं?"

"पण मामाजी, तेच झालं असेल असं नक्की नाही सांगता येत."

"तेच तं. नक्की आता कोन सांगन? अन् तिले हे समजलं तं ते नक्कीच धरन."

मी शब्द दिला. त्यानंतर आम्ही दोघं मिळून दुलईला सबबी शोधू लागलो. कधी रेवाने ती ओली केली, कधी वाळलीच नाही.

लसीकरणाला आत्याबाईंना न्यायचं नाही, हेही आमचं न बोलता ठरलेलं होतं. पण एके दिवशी त्या साडी बदलून ऑटोत आधीच येऊन बसल्या, मांडीवर दुलईत गुंडाळलेली रेवा. मामाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. दवाखान्यात सिस्टरनी टेबलावर रेवाला ठेवलं, दुलई उलगडली आणि हसून म्हणाल्या, "आजी, एवढं कशाला? घाम आलाय बघा तिला."

"थंडी हाये ना बाई."

"एक कपडा आपल्यापेक्षा जास्त घाला, पुरे. झोपताना हे अंगावर नकोच."

"सिस्टर, सुई कवा देता?" मामाजी मध्येच मोठ्याने म्हणाले. "ऑटो थांबला हाये."

"देते काका." पण त्या भल्या बाईला आपलं काम नीट करायची सवय होती. रांगेतल्या इतर आयांकडेही वळून त्या सांगू लागल्या. मामाजींनी खुर्ची सरकवली, पिशवी पाडली, मला हाक मारली. काहीही उपयोग झाला नाही.

"तोंडावर गेलं तं काय होते?" आत्याबाईंनी विचारलं.

"लहान बाळाला हाताने बाजूला करता येत नाही ना, आजी. श्वास कोंडतो. कधी कधी जीवही जातो. आवाजसुद्धा होत नाही."

मी आत्याबाईंच्या शेजारीच उभी होते. त्यांचा हात धरावा असं मनात आलं. धरला असता तर मला काही ठाऊक आहे हे त्यांना कळलं असतं. मी रेवाचे बंद बांधत राहिले.

घरी येईपर्यंत त्यांनी रेवाला माझ्याकडे देऊन नुसती दुलई मांडीवर धरली होती. आल्यावर दुलईची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि मामाजींच्या समोर जमिनीवर बसल्या. मी रेवाला घेऊन दारातच थांबले.

"आपली पोरगी थंडीनं नाई गेली ना?"

मामाजी खुर्चीवरच्या दुलईकडे बघू लागले.

"तिच्यावर दुलई म्या टाकली होती."

"तू छातीपोतर टाकली होती," मामाजी म्हणाले. त्यांचा तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "निघता निघता म्या वर ओढली. नाकापोतर. मले वाटलं थंडी हाये."

"तुमी?"

"हो. म्या."

"अन् इतके वर्सं सांगतलं नाई?"

"हिंमत नाई झाली."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मामाजींनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काहीतरी बोलून गेले असते.

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून मामाजींशी त्यांचं बोलणं संपलं. ताट वाढायच्या, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायच्या आणि उठून जायच्या. सुई पुन्हा हातात घेतली नाही. मामाजी आपलं बोलत राहायचे, "आज भाजी चांगली झाली," "ऊन वाढलं आता," आणि उत्तर यायचं नाही. प्रशांत मला विचारायचा, "यांचं काय बिनसलंय?" मी म्हणायची, "वयाप्रमाणे होतं."

एकदा मी मामाजींना म्हटलं, "मला हे बघवत नाही. मी सांगते त्यांना खरं काय ते."

"सांगशीन तं तिचं का होईन, सूनबाई?" ते म्हणाले. "माह्यावर राग करून का होईना, जगून राह्यली ना ते? जेवते, झोपते, रेवाले खेयवते. सोतावर राग आला असता तं कवाचीच गेली असती. राहू दे. मले बसची सवय हाये, पॅसेंजर शिव्या देतेच."

ते हसले. मला हसता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजी आजारी पडले. छातीचं दुखणं, वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, पण फार काही हाती लागलं नाही. आत्याबाई पूर्ण वेळ उशाशी बसून होत्या. चमच्याने पेज भरवायच्या, पदराने तोंड पुसायच्या, ओठ घट्ट मिटलेले. मामाजी त्यांच्याकडेच बघत पडलेले असत. शेवटी शेवटी बोलता येईनासं झालं, तेव्हा मी जवळ गेले की ते डोळ्यांनी आत्याबाईंकडे दाखवत आणि मान हळूच नकारार्थी हलवत. मी म्हणायची, "नाही सांगत, मामाजी." मग त्यांचा श्वास जरा संथ व्हायचा. ते गेले ते दुपारी, आम्ही दोघी जवळ असताना.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओट्यावर रेवाचे केस विंचरत होत्या. मी शेजारी तांदूळ निवडत होते. त्या आपणहून बोलू लागल्या.

"म्या माफ करून टाकलं त्याइले, सूनबाई. लय दिवस झाले. त्याइले तरी का मालूम होतं? थंडी वाटली, ओढली दुलई. बापाचाच जीव होता ना तो."

मी मान वर केली नाही. हेच शब्द स्वतःसाठी त्यांना कधी म्हणता आले असते का, कोण जाणे. मामाजींना वाटलं होतं, नाही. त्यांचा अंदाज चुकला होता की नाही, हे बघायचं तर मला तोंड उघडावं लागलं असतं, आणि एकदा उघडल्यावर ते मिटता आलं नसतं.

"म्या त्याइले जित्तेपनी सांगाले पायजे होतं," आत्याबाई म्हणाल्या. "दवाखान्यात रोज वाटे, आज बोलतो, आज बोलतो. माह्यं तोंडच उघडलं नाई." रेवाची वेणी घालता घालता त्यांचे हात थांबले. "त्याइले समजलं असन का गं?"

"समजलं असेल, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी खाली बघून तांदळातले खडे शोधत राहिले.