नारिंगी ठिपका

संत्र्याची साल सोलली का मले अकोल्याच्या कॉलेजातली ती कॉम्प्युटर लॅब आठवते, पडदे ओढलेली, दुपारची, अन् बाजूले लपूनछपून संत्रं खाणारी माही अचलपूरची मैतरीण. आडव्या रेघेवर पाऊस अन् उभ्या रेघेवर कपाशीचं पीक, असा आलेख आमी काढून राहिलो होतो. एकेक ठिपका म्हणजे नांदगाव खंडेश्वरकडचं एकेक शेत, अन् पार खाली, तयाशी पडलेल्यातलं एक माह्या बाबाचं. गावात लोक म्हणत, "पाणी सगळ्याइले सारखंच, मंग यालेच काहून पिकत नाही? आळशी हाय!" मले तेच खोटं पाडाचं होतं, पण स्क्रीनवर नुसता काळा धुरळा. "अवं, जमिनीपरमानं रंग दे ना त्याइले," मैतरीण म्हणे. आमी भारी जमिनीले एक, मध्यमले दोन, मुरमाड, हलक्या बरडले तीन आकडा दिला, तर त्या येड्या प्रोग्रामनं ते मोजमाप समजून सगळं निळंच रंगवलं, फिक्कं अन् गडद. "या अल्ला, नीळ सांडली!" ती खिदळली. मंग आमी त्याले सांगतलं का हे आकडे नाहीत, जमिनीची नावं हायेत, अन् धुरळ्यातून तीन रंगांचे तीन पट्टे अल्लग उमटले, जसं धुकं हटून शिवार दिसावं. बरडाचे नारिंगी ठिपके सगळे खाली होते, पण त्या नारिंग्याइत सगळ्यात वर बाबा होते! मैतरिणीनं संत्र्याची फोड माह्या हातावर ठेवली. "आळशी म्हणे!" आता नोकरीत मी दिवसभर असे ठिपकेच रंगवते, अन् बरडाले अजून नारिंगीच देते.