आत्याची दुखणी

आमच्या आत्याइतकी धडधाकट बाई अख्ख्या आटपाडी तालुक्यात नसेल, आणि तिच्याइतकी दुखणी सांगणारी बाई अख्ख्या सांगली जिल्ह्यात नसेल. सत्तरी उलटली तरी ज्वारीचं पोतं ती एकटी सरकवते, म्हशींच्या धारा काढते, आणि भांडायला लागली की तिचा आवाज वस्तीपलीकडच्या डाळिंबाच्या बागेत ऐकू जातो. पण सकाळची कामं उरकली की हीच बाई डोक्याला मफलर गुंडाळून, कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत गावातल्या आरोग्य उपकेंद्राकडे निघायची. वाटेत कुणी भेटलं की कण्हणं वाढायचं. कुणी नसलं की झपाझप चालायची.

तिची दुखणीही साधी नसत. ताप, खोकला असलं काही तिला कधी झालं नाही. तिच्या कानात मुंगी नांदायला यायची. तिचे गुडघे झोपेत एकमेकांशी बोलायचे. एकदा म्हणे पोटात काहीतरी उजवीकडनं डावीकडं गेलं, 'पर माघारी आलंच न्हाई.' उपकेंद्रात नव्याने आलेली डॉक्टरीण पार भंडाऱ्याकडची. ती हे सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायची, बीपी बघायची आणि म्हणायची, "छान आहे आत्या. गोळीची गरज नाही." त्यावर आत्या जराशी रागवायची, मग उद्या यायचं कबूल करून उठायची.

मी साताऱ्याला एमआयडीसीत नोकरी करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर चार दिवस आत्याकडे गेलो, तर दुसऱ्याच सकाळी तिने मलाही सोबत ओढून नेलं. "ह्यो माझा भाचा. ह्याला रातचं घोरायला हुतंय, बघा जरा," असं म्हणून तिने मला स्टुलावर बसवलं. मी घोरत नाही. निदान दवाखान्यात जाण्याइतकं तरी नाही. डॉक्टरणीने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. खोलीत आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. बाहेरची बाकडीसुद्धा रिकामी होती.

परत येताना मी वैतागून म्हणालो, "आत्या, तुला काही झालेलं नाही. त्या बाईंचा वेळ कशाला घेतेस?"

"तिला येळच येळ हाय की रं. त्योच जायला पायजे," आत्या म्हणाली.

मग एका बाभळीच्या सावलीला टेकून तिने मला सगळं सांगितलं. उपकेंद्राची इमारत बऱ्याच वर्षांची. याआधीही डॉक्टर येऊन गेले होते. पण गावाला सुई आणि सलाईन लावून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, म्हणून लोक उठून आटपाडीला जायचे. इथलं माणूस बिचारं खुर्चीवर एकटं बसायचं, कंटाळायचं आणि बदली करून घ्यायचं. मग दाराला कुलूप, आणि व्हरांड्यात शेळ्या.

"माझ्या धाकल्या जावंला कळा सुरू झाल्या तवा बी कुलूपच हुतं," आत्या म्हणाली. "जीपमधनं सांगलीला निघालो. ती माझ्या मांडीवरच गेली. लेकरू बी गेलं." मग पदर झटकून उठत म्हणाली, "ही बाई कट्टाळून गेली तर परत कुलूपच की. म्हणून जाती मी. रोज कुणीतरी गेलं पायजे."

आता स्वतःची दुखणी पुरेनात, म्हणून ती दुसऱ्यांना आजार वाटू लागली होती. "तुझं डोळं पिवळं दिसत्यात," "तुझी चाल लंगडी झालीया," असं सांगून बायकांना घाबरवायची आणि सोबत न्यायची. मी साताऱ्याला परतल्यावर असंच एकदा शेजाऱ्यांच्या गरोदर सुनेला म्हणाली, "मला चक्कर येतीया, जरा हाताला धरून चल." ती मुलगी निव्वळ आधार द्यायला म्हणून गेली. डॉक्टरणीने तिचे सुजलेले पाय पाहिले, बीपी मोजलं, ते फारच वाढलेलं निघालं, आणि लगेच एकशे आठची गाडी बोलावली. आत्या चक्कर विसरून सगळ्यात आधी गाडीत चढली. सांगलीपर्यंत तिने त्या पोरीचा हात सोडला नाही. "उपकेंद्रात गेलो न्हवं? उघडं हुतं न्हवं? मग आता काय भ्या न्हाई," एवढंच ती सारखं म्हणत होती म्हणे. त्याच दिवशी सांगलीच्या दवाखान्यात ती मुलगी बाळंत झाली. बाळ लहानखुरं होतं, पण मायलेक दोघंही सुखरूप घरी आली.

त्यानंतर गावाची पावलं उपकेंद्राकडे वळली. बाकडी भरू लागली. आत्याला रांगेत बसावं लागलं आणि तिने त्यावरूनही तोंड सोडलं, "माझ्यासारख्या जुन्या आजाऱ्याला मागं बसवता व्हय?"

एके दिवशी मला डॉक्टरणीचाच फोन आला. उपकेंद्रात समोर ठेवलेल्या चहाच्या कपाऐवजी आत्याने शेजारच्या औषधाच्या बाटलीला हात घातला होता. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. "जगातलं प्रत्येक दुखणं मला सांगितलं त्यांनी, आणि हे एवढं लपवलं," डॉक्टरीण म्हणाली. मी फोनवरच आत्याला जाब विचारला, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर सांगलीला धाडली असती. मग हितं कोण गेलं असतं रोज?" मग म्हणाली, "आता येत्यात माणसं. आता चल, जाऊ."

मी रजा काढली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. काही दिवसांनी काळा चष्मा लावून ती माझ्याबरोबर उपकेंद्रात डोळा दाखवायला आली. डॉक्टरणीने आत्याचा चष्मा काढला. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून म्हणाली, "आगं बया! तू तर लय ल्हान हायस की गं. मी आपली तुला लेकराबाळांची बाई समजत हुती."

डॉक्टरीण हसली.

"एकटी ऱ्हातीस व्हय हितं? जेवतीस का येळंवर? घरी कोण कोण असतं तुझ्या?"

इतके महिने आत्या रोज येऊन बोलली होती, पण हे विचारायचं राहून गेलं होतं. बहुतेक साऱ्या गावाकडूनच राहून गेलं होतं. डॉक्टरणीने हातातली टॉर्च बंद केली. "आई आहे," ती म्हणाली, "आणि एक धाकटा भाऊ." मग आईला सांधेदुखी असते, भाऊ फोनवर धड बोलत नाही, असं ती एकेक सांगायला लागली. बाहेर रांग खोळंबली होती. दाराशी बसलेल्या बायकांनी एकमेकींना खुणेनेच गप्प केलं, आणि त्या ऐकत राहिल्या.