लग्नाआधीची पॉझिटिव्ह टेस्ट
स्पिरिटचा वास आला की मला तुकोगंजातलं ते क्लिनिक आठवतं. लग्नाआधी आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं आणि माझी सिफिलिसची, म्हणजे गुप्तरोगाची, टेस्ट आली पॉझिटिव्ह! पायांखालून अख्खं इंदूर सरकलं, सराफ्यातल्या खाऊगल्लीसकट. लग्न मोडलंच असं धरून मी शेजारी बसलेल्या होणाऱ्या बायकोकडे बघेचना. डॉक्टर अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, “अरे भिया, नुकताच चिकनगुनिया झालाय ना? त्याने कधीकधी ही पहिली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते. दुसरी, पक्कीवाली करू.” मी तेहतीस कोटी देवांना नवस बोलत होतो आणि ही खो-खो हसत सुटली. “डॉक्टरसाहेब, साखरपुडा होऊनही यांची माझा हात धरायची हिंमत नाही झाली, आणि यांना सिफिलिस?” दुसरी टेस्ट निगेटिव्ह आल्यावर मी नाचतच हिला फोन केला, तर म्हणते, “अच्छा? मी तर लग्नपत्रिका वाटायला कधीचीच निघालेय.” आजही हा किस्सा तीच सांगते आणि दर वेळी मला आणखी घाबरट करते.