आट्यापाट्याला पहिला नंबर

शामला मेश्राम या पोरीला ‘नाही’ म्हणायला शिकवावं लागलं नव्हतं. शिकवायचं होतं ते ‘बरं सर’ म्हणायला, आणि ते आमच्या महाल भागातल्या संगणक केंद्राला शेवटपर्यंत जमलं नाही.

साल १९८६. केंद्रात संगणक एकच, त्याला जोडलेले पडदे चार. चौघं आपापल्या पडद्यावर काम करायचे, पण आतला प्रोसेसर एकटाच. तो क्षणभर याचं काम करी, क्षणभर त्याचं. कुणाचं आधी करायचं ते नंबर आम्हीच संगणकात भरून ठेवत असू. आधी ते काम माझ्या एकट्याचं होतं, शामला आल्यावर दोघांचं झालं. पहिला नंबर अर्थातच गुणपत्रिकांचा. शाळांचे निकाल हीच आमची भाकरी होती.

जेवणाच्या सुट्टीत शामलाने एक खेळ रचला, आट्यापाट्या. पडद्यावर आडव्या पाट्या, त्यांवर पहारा देणारी फुली, आणि तिला हूल देऊन आपला ठिपका पार न्यायचा. खेळ झकास. पण गुणपत्रिका सुरू असल्या की ठिपका जागीच गोठायचा आणि मग एकदम उडी मारून फुलीच्या तोंडी जायचा. एका सकाळी शामलाने कुणालाही न विचारता नंबर फिरवले. खेळ पहिला, गुणपत्रिका दुसऱ्या.

व्यवस्थापक मधुकररावांनी ते पाहिलं आणि त्यांचं टक्कल लाल झालं.

“खेळाले पहिला नंबर कोणी देल्ला?”

“मी देल्ला, सर.”

“काहून?”

“गुणपत्रिकेच्या पुढ्यात कोणी वाट पाहून राहिलं का? खेळणारा मात्र बटण दाबून वाट पाहून राहिला. चक्कीवर लग्नाचं पोतं सुरू असलं, अन् एखादी बाई एका जेवणापुरता डबा घेऊन आली, त चक्कीवाला तिले आधी दळून देते.”

“अन् तिनं दुसरा, तिसरा डबा काढला त?”

“त मंग मागं. खेळालेही तेच लावलं, सर. एवढासा वेळ घेते अन् बाजूले होते. जास्त बसला त त्याचा नंबर जाते.”

तिची जिरवायची म्हणून मधुकररावांनी घड्याळ लावलं. त्याच दोन हजार गुणपत्रिका, दोन वेळा. जुन्या क्रमाने बावन्न मिनिटं लागली. नव्या क्रमाने, साहेब स्वतः खेळत असताना, त्रेपन्न. त्या त्रेपन्न मिनिटांत साहेब खुर्चीवरून उठले नाहीत, चहा गार झाला तरी.

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण हरलेला साहेब म्हणजे डिवचलेला बोका. एक तारखेला शामला कायम होणार होती. वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावर काम करायचे. घरात टेबलखुर्चीची नोकरी लागलेली ही पहिलीच, आणि साऱ्या कॉलनीला ती तारीख पाठ होती. मधुकररावांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. ‘खेळाला अग्रक्रम देण्याची चूक माझ्याकडून झाली.’ यावर सही कर आणि कायम हो, नाहीतर घरी जा.

मी हळूच म्हटलं, “करून टाक वं सही. कागदच तर आहे.”

“कागदच आहे, त त्याह्यले काहून पायजे गा?”

तिने पेन घेतलं, खाली लिहिलं, ‘चूक झालेली नाही. मोजून दाखवलं आहे,’ आणि त्याखाली सही केली. शनिवारी तिला काढलं. मला मधुकररावांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सही कर म्हणणारा मीच होतो.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. “ते नंबर पहिल्यासारखे करून टाका.”

सहा वर्षं तेच काम केलं होतं मी. दोन मिनिटं पुरली असती. माझीही नोकरी त्यांच्याच सहीवर होती.

“मले नाही येत, सर,” मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं.