आता जरा चावून बघा

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने जुनी स्पोर्ट्स कार पाळू नये, आणि पाळलीच तर तिच्या पोटाखाली शिरू नये, असं कवळीवाल्यांचं स्वतःचंच ठाम मत झालं होतं. मत झालं तेव्हा ते गाडीच्या पोटाखालीच होते आणि नाकावर काळं तेल ठिबकत होतं, ही गोष्ट वेगळी.

गाडी लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की बायकोनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठमी ठेवलं होतं. तरुणपणी दोघं तिच्यातून खूप भटकली. पुढे ठमीचे सांधे आणि बायकोची कंबर एकदमच कुरकुरायला लागली. शेवटच्या फेरीत एका गतिरोधकावर असा दणका बसला, की घरी आल्यावर ती दाराला धरून कशीबशी उतरली आणि म्हणाली, "बास. यापुढे तुम्ही एकटेच फिरा."

ती चिडली असती तर कवळीवाल्यांना बरं वाटलं असतं. तिच्या रागावर त्यांच्याकडे उपाय होते, शांतपणावर एकही नव्हता. तिच्याशिवाय ती गाडी त्यांना नकोच होती. पण एवढं साधं वाक्य तोंडातून निघेना, म्हणून त्यांनी सस्पेन्शन दुरुस्त करायला घेतलं.

"गॅरेजमध्ये टाका ना," मेहुणा म्हणाला.

"केसभर उंच झालेली दाढ मला नुसत्या बोटाला कळते. हे तर नट आहेत."

"दाढ जॅकवर चढवावी लागत नाही, भावजी."

मेहुण्याचं ऐकायचं नाही हा घरातला जुना नियम होता, तो त्यांनी पाळला. कित्येक रविवार ठमी चार स्टँडवर अधांतरी लटकत राहिली आणि तिच्याखाली कवळीवाले. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत रबराची बुशं असतात. जुनी बुशं भुगा होऊन बाहेर आली. नवी बसवताना दोन बोटं सोलली, एक शर्ट कायमचा गेला आणि शेजारच्या मुलांच्या शब्दसंग्रहात मोलाची भर पडली. शेवटी सगळे नट त्यांनी जीव खाऊन आवळले. आवळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी बंद केलेली बरणी उघडायला बायकोला तेच घरी येईपर्यंत थांबावं लागे. घरात त्यांना पक्कड म्हणत, आणि हे कौतुक आहे अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती.

स्टँडवरून उतरलेली ठमी टाचा उंचावून उभी राहिली. कवळीवाल्यांना वाटलं, पोरगी तरुण झाली. नशीब, पहिल्या फेरीला ते एकटेच गेले. पहिल्याच खड्ड्यात त्यांनी स्वतःच्या अस्सल दातांनी स्वतःची जीभ चावली. गाडी आधी कुरकुरायची, आता लाथा घालत होती. त्यांनी रस्त्याला दोष दिला, मग टायरमधल्या हवेला, मग बुशांबरोबरच बसवलेल्या नव्या शॉक अब्सॉर्बरना. नाचता येईना अंगण वाकडं. घरी बायकोनं विचारलं, "कशी झाली?" ते म्हणाले, "थोडी नवी आहे अजून." सुजलेल्या जिभेनं हे नीट म्हणताही आलं नाही.

त्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका नवी कवळी लावून बघायला आल्या. आ वासूनच त्यांनी खुणेनं सांगितलं, छान बसलीये.

"उघड्या तोंडात सगळ्याच कवळ्या छान बसतात, बाई," कवळीवाले रोजच्या सवयीनं म्हणाले. "आता जरा चावून बघा."

आणि त्यांचा हात हवेतच थांबला. चाकं लटकत असताना, गाडीचा गुंजभरही भार नसताना, त्यांनी सगळे नट आवळले होते. रबर त्या लोंबत्या अवस्थेतच जखडलं गेलं होतं. भार आल्यावर बिचारं पिळवटून निघत होतं. म्हणजे आख्खी गाडी त्यांनी आ वासलेली असताना बसवली होती. जन्मभर लोकांना सांगितलं ब्रह्मज्ञान, आणि स्वतः कोरडे पाषाण.

"उजवीकडे टोचतंय हो," बाई म्हणाल्या.

"मलाही," कवळीवाले म्हणाले.

रविवारी त्यांनी गाडी चाकांसकट रॅम्पवर चढवली, नट सैल केले, आणि माणसांचा भार यावा म्हणून दोन्ही सीटवर कवळ्यांचे साचे करायच्या प्लास्टरच्या गोण्या ठेवल्या. ते खाली शिरणार एवढ्यात बायको बाहेर आली.

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"तू," कवळीवाले म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना पश्चात्ताप झाला. "म्हणजे, तुझ्या वजनाचं प्लास्टर. अंदाजानं घेतलंय."

तिनं एकदा गोणीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "अंदाज जास्तच झालाय. काढा ते."

गोणी निघाली. कंबरेला हात देत, बेतानं, ती आत बसली. कवळीवाले खाली सरकले. ती टेकली तशी त्या बाजूची स्प्रिंग किंचित दबली, दांडी आपल्या जागी आली. एवढी वर्षं ती या सीटवर बसली, आणि गाडीवर तिचाही भार असतो हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. गाडी ते कायम स्वतःपुरतीच जुळवत आले होते.  तेवढ्यात तेलाचा थेंब डोळ्यात पडला, म्हणून पुढचं पाणी तेलाच्या नावावर खपलं.

त्यांनी एकेक नट आवळला. या खेपेला हवा तेवढाच.

"झालं का? उतरू?" वरून आवाज आला.

"नाही, अजून एक राहिलाय," ते म्हणाले. राहिला एकही नव्हता. "बस जरा."

"पान्याचा आवाज मघाशीच थांबलाय," ती म्हणाली.

कवळीवाले पाना छातीवर धरून तसेच पडून राहिले. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही.